गलाई आणि माथाडी : स्थलांतराचे दोन हिशेब

महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या माण तालुक्यात तोच पाऊस पाचशे मिलिमीटरचा आकडा गाठताना अडखळतो. हे दोन्ही प्रदेश एकाच सातारा जिल्ह्यात मोडतात. निसर्गाने एकाला भरभरून दिले आणि दुसऱ्याला कोरडे ठेवले, असे नकाशा पाहणाऱ्यास वाटेल. तथापि माणसांच्या दृष्टीने परिणाम एकच झाला. पश्चिमेकडील पाटण आणि जावळी तालुक्यांत पाणी आहे, परंतु डोंगरउतारावरचा जमिनीचा तुकडा कुटुंबाला वर्षभर पुरत नाही. पूर्वेकडील माण, खटाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यात जमीन आहे, पण तिला पाणी नाही. दोन्हीकडच्या तरुणांना पोटासाठी गाव सोडणे भाग पडले.

गाव सोडताना मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पाटण, जावळी, कोरेगावकडचा माणूस प्रामुख्याने मुंबईस गेला आणि मशीद बंदर, दाणाबंदर, लोखंड बाजार येथे डोईवर व पाठीवर ओझे वाहणारा माथाडी झाला. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि खटाव-माणकडचा माणूस एका शहरात गेला नाही. तो केरळातील त्रिशूरपासून पंजाब-बंगालपर्यंत जेथे जेथे सराफी पेठ होती तेथे गेला आणि जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करून देणारा गलाई झाला. सांगली हा आज वेगळा जिल्हा असला तरी १९४९ साली तो अस्तित्वात आला तेव्हा त्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ असेच होते, आणि १९६० पर्यंत ते टिकले. म्हणजे एका जुन्या जिल्ह्यातून निघालेल्या या दोन समाजांची तिसरी पिढी आज कर्ती होत आहे. त्यांच्या स्थितीची तुलना करण्यास हा काळ योग्य होय.

लोकांनी ही तुलना आपल्यापरीने केव्हाच करून टाकली आहे. विटा परिसरातील गावोगावी गलाई कुटुंबांनी बांधलेले बंगले, जीर्णोद्धार झालेली मंदिरे, शाळांना मिळालेल्या देणग्या लोक पाहतात. नंतर नवी मुंबईतील कोपरखैरणे वा घणसोली येथील माथाड्याच्या लहानशा घराकडे बोट दाखवतात. ‘एकजण धंद्यात उतरला म्हणून वर आला, दुसरा हमाल तो हमालच राहिला,’ असा निष्कर्ष पारावर सहज काढला जातो. यश हे अंगच्या गुणांचे आणि मागासलेपण हे अंगच्या दोषांचे फळ, असे या निष्कर्षामागचे गृहीतक आहे. ते तपासून पाहिल्याशिवाय मान्य करणे धोक्याचे आहे; कारण उद्याची धोरणे अशाच गृहीतकांवर उभी राहतात.

मिनेसोटाचा धडा

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात स्वीडनहून आलेल्यांचे वंशज मोठ्या संख्येने आहेत आणि लाओसहून आलेली कुटुंबेही आहेत. पहिला समाज सुस्थित मानला जातो. दुसऱ्यातील बऱ्याच कुटुंबांना दीर्घकाळ दारिद्र्याशी झगडावे लागले. परंतु स्वीडिश लोक श्रीमंत म्हणून तेथे गेले नव्हते. स्मोलांडसारख्या दगडाधोंड्यांच्या प्रांतातून, १८६० च्या दशकातील दुष्काळाने हैराण होऊन ते निघाले होते. माणदेशच्या शेतकऱ्याला त्यांची कहाणी परकी वाटणार नाही. त्यांच्या सुदैवाने १८६२ साली अमेरिकेने वसाहतीचा कायदा केला आणि नाममात्र शुल्कात १६० एकर जमीन मिळण्याची सोय झाली. ती जमीन मूळच्या आदिवासींकडून घेतलेली होती, हा भाग वेगळा. लाओसचे लोक गेले ते १९७५ नंतर, युद्धात होरपळून, निर्वासित म्हणून. तोवर फुकट जमीन संपली होती आणि अशिक्षितालाही पोटभर मजुरी देणारे कारखाने बंद पडू लागले होते. एकाला तीन-चार पिढ्यांचा अवधी मिळाला, दुसऱ्याला जेमतेम दोन. या दोन समाजांच्या उत्पन्नाची आज सरासरी काढून त्यांच्या स्वभावगुणांविषयी मत बनवणे म्हणजे सकाळी निघालेला आणि दुपारी निघालेला प्रवासी संध्याकाळी एकाच मुक्कामी का नाहीत, असे विचारण्यासारखे आहे.

तात्पर्य, स्थलांतरित समाजाची परीक्षा करताना तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. तो कोणत्या दाराने आत शिरला? शिरल्यावर कायद्याने त्याला काय दिले? आणि सरासरीच्या आड कोण दडले आहे? गलाई आणि माथाडी यांना हेच प्रश्न लावून पाहू.

प्रवेशाचे दार

गलाईचे काम वरकरणी साधे दिसते. जुना दागिना वितळवायचा, त्यात ठरावीक प्रमाणात चांदी मिसळायची, तो रस नायट्रिक आम्लात उकळायचा. चांदी व तांबे विरघळते आणि शुद्ध सोने तळाशी राहते. मग विरघळलेली चांदी परत मिळवायची. सोनाराच्या दुकानातला केर आणि राखसुद्धा वाया जात नाही. या कामास पुस्तकी शिक्षण लागत नाही, मात्र नजर लागते आणि त्याहून अधिक लागतो तो विश्वास. अनोळखी गावात सराफ आपले सोने परक्या माणसाच्या हाती देतो, ते त्याच्या मागे उभ्या असलेल्या मामा-चुलत्यांच्या नावावर. म्हणून हा धंदा नात्यागोत्यातूनच पसरला. मिसरूड फुटण्यापूर्वी मुलगा नातेवाइकाच्या दुकानी जातो, काही वर्षे भट्टीपाशी राबतो, टंच काढायला शिकतो, आणि पुढे त्याच नात्यातून मिळालेल्या उसनवारीवर दुसऱ्या गावी स्वतःचे दुकान मांडतो. प्रत्येक कामगार हा होऊ घातलेला मालक असतो. निदान तशी आशा त्याला असते.

या वाटेवर सरकारी अडथळे आले नाहीत असे नाही. १९६३ सालच्या सुवर्णनियंत्रणाने आणि १९६८ च्या कायद्याने सोन्याचा सारा व्यवहार परवान्यांच्या जाळ्यात अडकला होता. तो कायदा १९९० साली रद्द झाला, पुढे आयात खुली झाली आणि भारताची सोन्याची वार्षिक मागणी काळाच्या ओघात सातशे-आठशे टनांच्या घरात गेली. पेठ फुगली त्या वेळी गलाई समाज देशभर आधीच पसरलेला होता. त्याच्या भरभराटीत कष्टांचा वाटा मोठा आहे, हे निर्विवाद. तथापि धंद्याला आलेल्या भरतीचा वाटाही तेवढाच मोठा आहे.

माथाड्याचे दार निराळे होते. त्याने नेले ते फक्त शरीर. शंभर किलोचे पोते वाहणाऱ्याला ना नेमणूकपत्र होते, ना ठरलेला मालक. आज या व्यापाऱ्याचा माल, उद्या त्या. मजुरी मुकादमाच्या हाती, आजारपण स्वतःच्या माथी. टोळीत कितीही वर्षे काढली तरी हमालाचा व्यापारी होण्याची वाट त्यात नव्हती. कारण व्यापाराला लागणारे भांडवल आणि पत ही दोन्ही दुसऱ्याच नात्यागोत्यांत फिरत होती. गावकीने मिळून घेतलेल्या खोलीत वीस-पंचवीस जणांनी पाळीपाळीने पथारी टाकायची आणि बायकामुले गावी ठेवायची, हा त्याचा संसार. १९९१ च्या जनगणनेतही सातारा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे हजाराहून अधिक स्त्रिया होत्या, यामागे सैन्यभरतीप्रमाणेच मुंबईची वाटही होती. कोयनेच्या धरणाखाली पाटण-जावळीतील गावे गेली, तिची वीज मुंबईस पोहोचली, आणि मागोमाग त्या भागातील माणसेही तेथेच ओझी वाहू लागली.

तळ आणि छत

येथे कायद्याचा प्रश्न येतो. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या टोळ्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. या कायद्याची रचना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. हमालाला एक मालक नसतो, ही त्याची दुबळी बाजू. कायद्याने तीच त्याचे बळ बनवली. प्रत्येक व्यवसायासाठी मंडळ नेमले. त्यात मालक, कामगार आणि सरकार यांचे प्रतिनिधी बसले. व्यापाऱ्यांनी आणि कामगारांनी मंडळाकडे नोंदणी करावयाची, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरावयाची, आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी सुट्टी, औषधोपचार यांची तरतूद करावयाची. हमाल कोणा एका पेढीचा राहिला नाही. तो साऱ्या बाजाराचा झाला.

या रचनेचे मोल कळण्यासाठी त्याच गावांतून गेलेल्या गिरणी कामगाराकडे पाहावे. सातारा-कोल्हापूरकडचे हजारो तरुण मुंबईच्या गिरण्यांत होते आणि दीर्घकाळ ते माथाड्याहून प्रतिष्ठित गणले जात. परंतु त्यांचे सारे हक्क त्या त्या गिरणीशी बांधलेले होते. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या एकामागून एक मिटल्या आणि गिरणीबरोबर कामगाराची उपजीविकाही गेली. त्याच दशकापासून मुंबईचा घाऊक बाजारही टप्प्याटप्प्याने मशीद बंदर परिसरातून नवी मुंबईत हलला. माथाडी मात्र देशोधडीला लागला नाही. त्याचे हक्क पेढीशी नव्हे तर मंडळाशी बांधलेले असल्यामुळे तो बाजाराबरोबर गेला, आणि तेथे घरे मिळाल्यावर त्याची बायकामुलेही त्याच्याजवळ आली. कोपरखैरण्याचे जे लहान घर पाहून लोक नाक मुरडतात, ते एका संपूर्ण पिढीच्या सामाजिक सुरक्षेचे दृश्य रूप आहे.

आता गलाई समाजाकडे वळून सरासरीच्या आड डोकवावे. बंगला बांधणारा दुकानदार गावजत्रेत दिसतो. त्याच्या भट्टीपाशी राबणारा, अजून दुकान न मांडू शकलेला पुतण्या वा भाचा दिसत नाही. आम्लाच्या तपकिरी धुरात, पुरेशी हवा नसलेल्या खोलीत त्याचे तारुण्य जाते. छातीचे दुखणे जडले तर औषधाचा खर्च मालकाच्या मर्जीवर. त्याला ना निधी, ना उपदान. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली केंद्राने कायदा केला खरा, परंतु तो कंत्राटदारामार्फत नेलेल्या कामगारांपुरता होता. मामाच्या बोटाला धरून गेलेला मुलगा त्यात बसत नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या श्रमसंहितेने स्वतःहून गेलेल्या कामगारालाही स्थलांतरित मानले. तथापि त्यासंबंधीच्या तरतुदी असे दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतात. गलाईच्या दुकानात माणसे असतात तीन किंवा चार.

दुकानदारही सुरक्षित आहे असे नाही. चोरलेला दागिना कोणी वितळवण्यास आणून दिला, तर त्याची खूण भट्टीतच नाहीशी होते. त्यामुळे चोरीच्या तपासात गलाई हा नेहमीच संशयित ठरतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहेच, पूर्वीच्या दंडसंहितेत ४११ कलमाखाली आणि आता न्यायसंहितेत ३१७ कलमाखाली. प्रश्न असा की, परमुलखातील, परभाषिक पोलिसांपुढे आपण तो माल अजाणता घेतला हे त्याने सिद्ध कसे करावे? संकटात पाठीशी उभी राहणारी वस्ती नाही, मतांची गठ्ठेबंदी नाही. ज्या विखुरलेपणामुळे धंदा पसरला, त्याच विखुरलेपणामुळे तो समाज निराधारही आहे.

तेव्हा हिशेब असा मांडावा लागेल. माथाड्याच्या घराचे छत ठेंगणे आहे, परंतु त्याच्या पायाखाली जमीन आहे. गलाईच्या घराचे छत उंच आहे, पण खाली तळ नाही. उंच छताची सरासरी काढली की खाली पडलेल्यांची संख्या दिसेनाशी होते.

पुढील पिढी

पुढील पिढीत ही दोन चित्रे आणखी गुंतागुंतीची होतात. माथाड्याचा नातू नवी मुंबईत मराठीत वा इंग्रजीत शिकतो. तो महाराष्ट्राचा अधिवासी आहे, येथील प्रवेश आणि नोकरभरती यांचे दरवाजे त्याला नियमाने खुले आहेत. परंतु आजोबांचे काम त्याला नको आहे, आणि ते कामही आटत चालले आहे. २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळण्यात आला. गोदामांत यंत्रे आली. अण्णासाहेबांच्याच नावाने १९९८ साली स्थापन झालेले महामंडळ आज तरुणांना व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाचा परतावा देते. म्हणजे ज्या वाटेने गलाई गेला, त्या वाटेने आता तू जा, असे शासन माथाड्याच्या नातवाला सांगत आहे. त्याला कर्ज मिळेल. गलाईला मिळालेले नात्यातले प्रशिक्षण आणि पेठेतला विश्वास कोठून मिळणार, याचे उत्तर त्या योजनेत नाही.

गलाईच्या मुलापुढची अडचण नेमकी उलट आहे. त्याला तमिळ वा मल्याळम सफाईने येते, हिशेब तोंडपाठ असतो, वडिलांचे दुकान तयार असते. मात्र त्याला वैद्यकीय शाखेस जावयाचे झाल्यास तो दोन्हीकडे उपरा ठरतो. महाराष्ट्रातील राज्य कोट्याच्या जागांसाठी दहावी-बारावी याच राज्यातून उत्तीर्ण होण्याची अट सर्वसाधारणपणे आडवी येते. जेथे तो वाढला त्या राज्यात त्याच्या जातीचा महाराष्ट्रातील दाखला त्या राज्याच्या आरक्षणासाठी चालत नाही. एका राज्याची अनुसूचित जाती-जमातींची ओळख दुसऱ्या राज्यात सवलतीसाठी नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली स्पष्ट केले आहे. म्हणून अनेक कुटुंबांनी पुन्हा जुनाच तोडगा काढला आहे. मुलाला शिक्षणासाठी आजीकडे गावी ठेवावयाचे आणि आईवडिलांनी परमुलखात राहावयाचे. माथाड्याच्या पहिल्या पिढीत जी ताटातूट नवरा-बायकोची होती, ती गलाईच्या तिसऱ्या पिढीत आईवडील आणि लेकरांची झाली आहे. धनसंपन्नतेच्या हिशेबात ही किंमत कोणी धरत नाही.

काय करता येईल

या तुलनेतून निघणारे निष्कर्ष तीन आहेत.

पहिला माथाडी कायद्याविषयी. २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक विधिमंडळात आले आणि माथाडी संघटनांनी त्यास कडाडून विरोध केला. खंडणी उकळणाऱ्या बनावट टोळ्यांचा उपद्रव उद्योजकांना होतो, ही तक्रार खोटी नाही, आणि तिचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु खोटे माथाडी शोधण्याच्या निमित्ताने खऱ्यांच्या पायाखालचा तळ काढून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. उलट, यंत्र चालवणारा तरुण कामगार हा त्याच बाजाराचा श्रमिक आहे, हे मान्य करून त्याला मंडळाच्या छायेत आणणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

दुसरा गलाई कामगारांविषयी. महाराष्ट्राचा कायदा त्रिशूरला लागू होणार नाही, हे उघड आहे. मात्र हक्क मालकाशी नव्हे तर व्यवसायाशी बांधावेत, हे माथाडी मंडळाचे तत्त्व राज्याच्या सीमेवर अडत नाही. सोन्याच्या व्यवहारावर २०१७ पासून वस्तू व सेवा कर आहे, म्हणजे व्यवहाराची नोंद होतेच. त्यातील अल्पसा अंश सुवर्णव्यवसायातील कामगारांच्या केंद्रीय कल्याण निधीकडे वळवणे अशक्य नाही. असे झाल्यास भट्टीपाशी बसणाऱ्या मुलाची पहिल्यांदाच कोठेतरी नोंद होईल.

तिसरा शिक्षणाविषयी. सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्राने प्रवेशात सवलत दिली आहे. परराज्यात नेमणूक झालेल्या सरकारी नोकरांच्या मुलांनाही काही सवलती आहेत. ज्यांचे घरदार आणि शेतजमीन सांगली-साताऱ्यात आहे आणि जे केवळ पोटासाठी बाहेर आहेत, त्यांच्या मुलांना तीच सवलत नाकारण्यास कोणते तत्त्व आहे?

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता ती २०२७ साली व्हावयाची आहे. तीत स्थलांतराचे कारण, ठिकाण आणि व्यवसाय यांची सांगड घालून आकडे प्रसिद्ध झाले, तर या दोन समाजांविषयी पारावरच्या गप्पांऐवजी हिशेबाने बोलता येईल. तोवर एवढे लक्षात ठेवावे : माणदेशचा गलाई हुशार आणि पाटणचा हमाल मंद, असे काही घडलेले नाही. पावसाने दोघांनाही घराबाहेर काढले. एकाला फोफावणारी पेठ मिळाली, दुसऱ्याला एक चांगला कायदा. पेठ कोणाच्या हाती नसते. कायदा मात्र विधिमंडळाच्या हाती असतो. तो राखावयाचा की मोडावयाचा, हे ठरवताना पाठीवर पोते घेऊन गेलेल्या पिढीचा हिशेब समोर असला पाहिजे.